चाक लटकत असताना बोल्ट आवळू नका

संपादक महोदय,

घरच्या घरी कार दुरुस्तीवरील लेखात गाडी जॅकवर असतानाच सस्पेन्शनचे सगळे बोल्ट पान्याला पाइप लावून आवळायला सांगितले आहे. हा सल्ला चुकीचा आहे.

लोअर आर्मच्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते. मग आर्म वर-खाली होतो तो रबराला पीळ देऊनच. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी अंगणात नुसती उभी असली तरी रबर पिळलेलेच राहते. त्यात सेनगाव-कळमनुरीकडचे खेड्यांतले कच्चे रस्ते. नवे बुश लवकर फाटते आणि बोल सुट्या भागाला लागतो.

बोल्ट आधी नुसता टेकवावा. चाकांवर गाडीचा पूर्ण भार आल्यावरच शेवटचा आवळ द्यावा. बॉल जॉइंटच्या नटाला ही अट नाही. लेखात दोन्हींची गल्लत झाली आहे.

किती आवळायचे, हे तर लेखात नाहीच. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर पान्याच्या टोकावर साधारण २० किलोंचा जोर. पाइप लावला की तेवढ्याच जोरात टॉर्क सहज दुप्पट होतो, आटे जातात. टॉर्क रेंच आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा हवाच.

गॅरेजचा खर्च वाचतो, एवढे मान्य. पण विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरायला सांगणे धोक्याचे आहे. वीट भाराखाली अचानक फुटते. लोखंडी स्टँडच लावावेत.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, हिंगोली