पदवीनंतरची परीक्षा हवीच

अभियांत्रिकीची पदवी मिळाल्यावर परवान्यासाठी पुन्हा परीक्षा कशाला, असा आक्षेप अमेरिकेतील व्यवस्थेवर घेतला जातो. ही पाठांतराचीच आणखी एक फेरी, असे आक्षेपकांचे म्हणणे. परीक्षेचे स्वरूप पाहिले तर ते टिकत नाही. पहिल्या ‘एफई’ परीक्षेत ११० प्रश्न असतात, पण सूत्रांची पुस्तिका पडद्यावरच उपलब्ध असते. तुळईच्या वाकण्याचे सूत्र समोर असते. ते या तुळईला लागू पडते का, हे मात्र स्वतःलाच ठरवावे लागते. पुढे सर्वसाधारणपणे चार वर्षांचा अनुभव आणि आपल्या शाखेची ‘पीई’ परीक्षा. काही राज्ये ‘पीई’ आधी देऊ देतात, पण अनुभवाशिवाय परवाना देत नाहीत. म्हणजे ज्ञान, अनुभव आणि निर्णयक्षमता या तिन्हींची पारख होते. कॉलेजांचा दर्जा सारखा नसतो. सर्वांना एकच मोजपट्टी लावणारी परीक्षा म्हणूनच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८१ साली कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलचे दोन झुलते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या सलग सळया दोन्ही पूल पेलणार होत्या. बदलात खालचा पूल वरच्याच्या तुळयांना टांगला गेला आणि तिथल्या नटांवरचा भार दुप्पट झाला. जबाबदार अभियंते परवानाधारकच होते. मग परीक्षेने काय साधले? परीक्षा निष्काळजीपणा रोखू शकत नाही, हे मान्यच करायला हवे. पण परवाना होता म्हणूनच मिसूरीच्या मंडळाला दोघांचे परवाने रद्द करता आले. नुसती पदवी असती, तर त्यांना व्यवसायापासून दूर ठेवण्याचा हा मार्गच उरला नसता. परीक्षा व्यवसायात शिरण्याची किमान पात्रता ठरवते, परवाना पुढची जबाबदारी निश्चित करतो. वायोमिंगने १९०७ मध्ये अमेरिकेतील असा पहिला कायदा केला, तोही अभियंता नसलेले लोक अभियंता म्हणून नकाशांवर सह्या करत होते म्हणूनच.

आपल्याकडे वकिलांसाठी १९६१चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२चा केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांसाठी मात्र देशभर लागू होणारा असा कायदा नाही. परीक्षेचा जाच नको म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की पुलाखालून जाणाऱ्याने त्या पुलाच्या आराखड्यावरील सहीवर कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा? हा आधार देणारा कायदा, परीक्षेसह, अभियंत्यांनी स्वतःच पुढे होऊन मागितला पाहिजे.