लाह्यांना चॉकलेट

‘ओव्हनची गरज नाही!’ असं कौतुकानं सांगणाऱ्या पाककृती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. आमच्या गावात, फुलसावंगीत, हे कुणाला सांगायचं? चिवडा, चकली, शंकरपाळे, अनारसे, रव्याचे लाडू, आमचा सगळा फराळ कढईतलाच. भट्टीशी संबंध यायचा तो नानकटाईपुरता. मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरी गाठायची, नंबर लावायचा आणि संध्याकाळी डबा भरून घरी यायचं.

तेव्हा अशाच एका पाककृतीतल्या, चॉकलेटमध्ये घोळवलेल्या लाह्या-कॉर्नफ्लेक्सचं मला आवडलं ते वेगळंच. त्यात उकळतं तेल नाही. आमच्याकडे दिवाळी येते ती ऐन कामाच्या घाईत. सोयाबीन नुकतंच निघालेलं, कापसाची वेचणी सुरू. दिवसभर वेचून आलेली बाई रात्री सोऱ्या हातात घेते, आणि सुट्टी लागलेली पोरं दिवसभर घरात उंडारत असतात. तेलाच्या कढईपाशी त्यांना कुणी उभं करणार नाही, पण हा पदार्थ खुशाल त्यांच्यावर सोपवावा. पोरींवरच नाही, पोरांवरही.

अमेरिकेत नाताळच्या सुमाराला हा प्रकार घमेली भरून करतात. तिथे चेक्स नावाचे जाळीदार चौकोनी तुकडे मिळतात. ते चॉकलेट आणि शेंगदाण्याच्या लोण्यात घोळवून वर पिठीसाखर भुरभुरतात. त्याला म्हणतात ‘पपी चाऊ’, म्हणजे कुत्र्याच्या पिलाचं खाणं! १९३७ साली हे चेक्स बाजारात आणणारी राल्स्टन प्युरिना कंपनी जनावरांचं खाद्यही बनवायची, आणि ‘पपी चाऊ’ याच नावाचं तिचं कुत्र्यांचं खाद्यही होतं. खाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडे चेक्सवाचून काही अडत नाही. कॉर्नफ्लेक्स घ्या, मुरमुरे घ्या, ज्वारीच्या लाह्या मिळाल्या तर फारच उत्तम. (ज्वारीच शिवारात कमी दिसते, तिथे लाह्या कुठून मिळणार, हे दुखणं वेगळं.) मात्र किराणा दुकानात सुटे मिळणारे मक्याचे पोहे आणू नका. ते तळायचे असतात, कच्चे चावले तर दात हलतील. तयार कॉर्नफ्लेक्सच हवेत. केलॉग कंपनी १९९४ साली भारतात आली खरी, पण गरम दुधात टाकून त्यांचा लगदा करण्यापेक्षा हा उपयोग बरा.

दोन वाट्या कॉर्नफ्लेक्स, दोन वाट्या मुरमुरे किंवा लाह्या, वाटीभर भाजून सोललेले शेंगदाणे, पाव वाटी डाळवं. मुरमुरे सादळलेले असतील तर कोरड्या कढईत मंद आचेवर परतायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. चॉकलेट २०० ग्रॅम, बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे लादी मिळते ते ‘कंपाउंड’. शौकीन लोक याला नाक मुरडतात आणि चव जराशी मेणचट असते हे खरंच. पण खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याआधीच मऊ पडतं. आपल्या दुपारी त्याचं काय होणार! शिवाय ते ठरावीक तापमानाला तापवून, निववून, पुन्हा कोमट केलं नाही तर पांढुरकं पडतं. कंपाउंडात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते, ते मुकाट्यानं घट्ट होतं.

पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा, त्यावर रुंद वाडगं ठेवा. वाडग्याचं बूड पाण्याला लागू नये. गॅस बारीक. त्यात लादीचे तुकडे, दोन चमचे शेंगदाण्याचं वाटण (मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवलेलं) आणि चमचाभर तूप. इथे सगळा खेळ कोरडेपणाचा. संक्रांतीला मुरमुऱ्याचे लाडू करताना गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी पाहतो. इथे मात्र पाण्याचा एक थेंब वाडग्यात पडला, ओला चमचा लागला, तरी साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि चकाकतं चॉकलेट डोळ्यांदेखत रवाळ, घट्ट गोळा होऊन बसतं. मग कितीही तापवा, सैल होत नाही, उलट करपतं. म्हणून हात पुसलेला पोरगाच वाडग्याजवळ बसवावा.

चॉकलेट गुळगुळीत झालं की खाली उतरवून किंचित निवू द्यायचं, मग सगळं त्यात टाकून तळापासून हलक्या हातानं वर-खाली करायचं. दाबलं की कॉर्नफ्लेक्सचा चुरा होतो. ताटात तूप लावलेला कागद पसरून मोकळं सोडायचं. रात्रीचा गारवा असला तर फ्रिजसुद्धा लागत नाही. घट्ट झाल्यावर पिठीसाखर भुरभुरली की तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत.

थोरली मंडळी याला फराळ म्हणत नाहीत, आणि मीही आग्रह धरत नाही. फराळाच्या ताटात चकलीची जागा त्यानं घ्यावी असं त्याचं कर्तृत्व नाही. पोरांनी केलं, पोरांनीच संपवलं. फक्त डबा घट्ट झाकणाचा असू द्या आणि लसणाच्या शेवेपासून लांब ठेवा. चॉकलेट वास फार लवकर धरतं, आणि लसूण-चॉकलेट आमच्याकडच्या पोरांनाही चालत नाही.