भोपाळचे समन्स आणि डाऊची पळवाट

ऑक्टोबर 2023 मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन मक्तेदार कंपनीचे वकील भोपाळच्या न्यायालयात प्रथमच उभे राहिले. 2014 पासून कंपनीला समन्सामागून समन्स जात होते. नऊ वर्षांनी ती आली, पण या न्यायालयाला आपल्यावर अधिकारक्षेत्रच नाही एवढेच सांगायला! हजर राहूनही हजर नसल्याची ही कसरत भांडवली कायद्यात मोठी प्रतिष्ठित मानली जाते.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री ज्या कारखान्यातील विषारी वायूने हजारो माणसे मारली, त्या युनियन कार्बाइड इंडियाचे 50.9 टक्के भाग अमेरिकन युनियन कार्बाइडकडे होते. ही मूळ कंपनी फौजदारी खटल्यात कधी फिरकली नाही. 1992 मध्ये ती फरारी ठरली. 2001 मध्ये डाऊने ती संपूर्ण विकत घेतली. आपल्या मालकीच्या या फरारी आरोपीला हजर का करीत नाही, एवढेच न्यायालय डाऊला विचारीत आहे.

आता हेच कार्बाइड न्यूयॉर्कमध्ये काय बोलत होते ते पाहावे. भारत सरकारने तेथे दावा लावला तेव्हा भारतीय न्यायालये समर्थ आहेत, खटला तेथेच चालावा, असा कंपनीच्या वकिलांचा आग्रह होता. 12 मे 1986 रोजी न्यायाधीश कीनन यांनी तो मान्य केला. खटला अमेरिकेत ठेवणे हा साम्राज्यवादाचा आणखी एक नमुना ठरेल, असेही त्यांनी लिहिले. (साम्राज्यवादाचे एवढे भान अमेरिकन न्यायासनाला क्वचितच येते!) भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करण्याची अट कार्बाइडने स्वीकारली. ही संमती दिवाणी दाव्यापुरती होती, हे खरे. परंतु पैशाच्या हिशेबाला समर्थ असलेले न्यायालय मनुष्यवधाच्या आरोपाला असमर्थ कसे होते?

परक्या प्रांतातील कंपनीला कोर्टात खेचण्याचा प्रश्न अमेरिकेलाही नवा नाही. सेंट लुईसच्या एका बूट कंपनीचे वॉशिंग्टन राज्यात दुकान वा कचेरी नव्हती. नमुन्यादाखल जोडीतला एकच बूट घेऊन हिंडणारे विक्रेते तेवढे होते. राज्याने बेकारी निधीची वर्गणी मागितली, तेव्हा कंपनी म्हणाली, आम्ही येथे नाहीच. 1945 मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने तिला फटकारले: जेथे धंदा करता, तेथे त्या धंद्याबद्दल जाब द्या. एका बुटाच्या नमुन्याने जे बंधन येते, ते कारखान्याच्या निम्म्याहून अधिक मालकीने येत नाही काय? भारतीय कायदाही याहून वेगळे सांगत नाही. 1973 च्या फौजदारी संहितेच्या कलम 179 नुसार, कृत्याचा परिणाम जेथे घडला तेथील न्यायालयही खटला चालवू शकते. भोपाळचा परिणाम भोपाळमध्येच घडला.

परंतु अधिकारक्षेत्र केवळ कलमांनी सिद्ध होत नाही; आरोपीची मालमत्ता हाती लागली की ते सिद्ध होते. भोपाळच्या न्यायाधीशांनी हे 1992 मध्ये नेमके ओळखले आणि फरारी कार्बाइडचे भारतीय कंपनीतील भाग जप्त केले. तीच एक खरी पकड होती. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्पितळाच्या नावावर ते भाग विकू दिले. इस्पितळ उभे राहिले, पण न्यायालयाच्या हातातला दोर सुटला आणि कंपनी मोकळी झाली.

हा दोर सोडण्याची सवय राज्यकर्त्यांना पहिल्याच आठवड्यात लागली होती. 7 डिसेंबर 1984 रोजी अटक झालेला अध्यक्ष वॉरन अँडरसन त्याच दिवशी जामिनावर सुटला व सरकारी विमानाने दिल्लीला गेला. 2014 मध्ये तो अमेरिकेत मरण पावला. भोपाळच्या आरोपीच्या पिंजऱ्यात तो कधीच उभा राहिला नाही. 1989 मध्ये पीडितांना न विचारता 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2008 मध्ये पुण्याजवळ शिंदे-वासुली येथे डाऊच्या संशोधन केंद्राविरुद्ध गावकरी आणि वारकरी उभे ठाकले, तेव्हा औद्योगिक महामंडळाची जमीन घेताना मात्र कंपनीला अधिकारक्षेत्राची शंका आली नव्हती.

म्हणून प्रश्न डाऊच्या वकिलांना जितका आहे, त्याहून अधिक केंद्र सरकारला आहे. गुन्हेविषयक परस्पर साहाय्याचा करार अमेरिकेशी 2001 मध्येच झाला आहे. त्याचा वापर करा. फरारी कार्बाइडला मालकीण हजर करीत नसेल, तर तिच्या भारतीय कंपन्यांचे भाग व नफा रोखण्याचा अर्ज सरकारी वकिलांकरवी भोपाळच्या न्यायालयात दाखल करा.