बाळदमा आणि पंपाची भीती

“याला थंडी सोसत नाही.” “छातीत सारखा कफ भरतो.” “आजोबाला होतं, तेच याला आलंय.” वस्तीत लेकराच्या दम्याला शंभर नावं आहेत, फक्त दमा हे नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं तर मुलीचं लग्न अडेल, मुलाला जन्मभर पंप लागेल, अशी भीती. डॉक्टरही पुष्कळदा आईबापाचा चेहरा बघून ‘ॲलर्जिक खोकला’ एवढंच म्हणतात. माझं म्हणणं असं की, हे नाव न घेतल्यामुळंच आपल्या लेकरांवर खरा उपचार कधी सुरू होत नाही.

इस्लापूर भागात काय चालतं ते बघा. पावसाची झड लागली किंवा कापूस वेचणीतली थंडी पडली की रात्री लेकराची छाती सूं-सूं वाजू लागते, बरगड्यांखाली खड्डे पडतात. मग मिळेल ती गाडी करून दवाखाना गाठायचा. मशीनची वाफ, एखादं इंजेक्शन, खोकल्याची बाटली. सकाळी पोरगं खेळायला लागलं की सगळं विसरायचं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, शाळा बुडते. एवढं करूनही आजाराला हात लागलेला नसतोच, कारण आपण फक्त झटका उतरवतो.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. लेकरू हसत-खेळत असतं तेव्हाही ती असते. त्यावर सर्दी, धूर, धूळ आली की नळी आवळते आणि दम लागतो. म्हणून औषधं दोन प्रकारची. साल्ब्युटामॉल आवळलेली नळी मोकळी करतं; ते झटक्याच्या वेळी घ्यायचं. ब्युडेसोनाईडसारखं औषध आतली सूज उतरवतं; ते ज्या लेकराला डॉक्टर सांगतील त्यानं रोज घ्यायचं, दम नसतानाही. घरोघर चूक होते ती इथं. बरं वाटलं की रोजचा पंप बंद, आणि झटक्याचा तेवढा उशाशी. पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे रंग बदलतो. नाव वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या.

“पंपाची सवय लागते,” असं मला दर बैठकीत कुणीतरी सांगतंच. मग मी हिशोब मांडते. साल्ब्युटामॉल सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, साधारण दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप म्हणजे वीस दाब! ते सिरप पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातं, म्हणून हात थरथरतात, काळीज धडधडतं. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून इतकंसं पुरतं. सिरपला आपण भीत नाही, कारण ते गोड असतं आणि बाटलीत असतं.

रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, हे खरं आहे आणि ते लपवू नये. त्यानं उंचीत साधारण एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या, दर झटक्याला पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या लेकराचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, म्हणजे तोंड येत नाही.

लहान लेकराला नुसता पंप तोंडात धरून जमत नाही, औषध जिभेवरच बसतं. त्याला स्पेसर लागतो, म्हणजे मधली प्लास्टिकची नळकांडी. चार वर्षांखालच्याला सोबत मास्कही. एक दाब द्यायचा, पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, मग दुसरा दाब. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिलं की, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून कडा नीट बंद केल्या, तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. तो अभ्यास पाच वर्षांवरच्या मुलांवर होता, म्हणून तान्ह्यासाठी मास्कचा स्पेसर विकतच घ्या. पण मोठ्या लेकरासाठी “स्पेसर परवडत नाही” हे कारण उरत नाही.

दरवर्षी मृग लागला की हैदराबादला माशाचं ‘औषध’ घ्यायला झुंबड उडते. आपल्या मराठवाड्यातूनही माणसं रेल्वेनं जातात. जिवंत माशाच्या तोंडात पिवळा लगदा भरून मासा गिळायचा. लगद्यात काय आहे ते देणाऱ्या कुटुंबानं सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, आमच्या पोराचा दमा त्यानंच गेला. अहो, लहानपणी घरघर लागणाऱ्या पुष्कळ लेकरांची घरघर शाळेच्या वयात आपोआप थांबते. त्या वर्षी मासा दिला असेल तर श्रेय माशाला, डाग दिला असेल तर डागाला, ताईत बांधला असेल तर ताईताला. पुरावा मागायला आपल्याला शिकवलंय ना? मग तो इथंही मागा.

आता खाण्याचं. दम्याचं नाव निघालं की आधी लेकराचं ताट रिकामं होतं. केळी बंद, दही बंद, भात बंद, शेंगदाणे बंद, अंडंसुद्धा बंद. आधीच अंगावर मांस नसलेल्या पोराचं तेवढं प्रथिनही आपण काढून घेतो. खाण्यानं दमा उठणं फार कमी लेकरांत असतं. खरी ॲलर्जी लपत नाही: तोच पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, आणि दर वेळी होते. तसं दिसलं तर तेवढा एक पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. शहरात रक्ताची महागडी ‘ॲलर्जी पॅकेजं’ विकतात, त्यांच्या लांबलचक यादीवरून लेकराचं जेवण तोडू नका. रक्तात खूण सापडली म्हणजे त्या पदार्थानं त्रास होतोच, असं नसतं.

ताटात शोधण्यापेक्षा घरात शोधा. पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल, भाव येईपर्यंत झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस आणि त्यावरच झोपलेली पोरं, वर्षभर ऊन न बघितलेली गोधडी, मच्छरची कॉइल, बापाची बिडी. तान्ह्याला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी देतात, तीही त्यातलीच. आणि थोडं घरचंच बोलते, राग मानू नका. दारं लावून घेतलेल्या खोलीत वंदनेला अगरबत्तीचा पुडा जळतो, तेव्हा कोपऱ्यातलं दम्याचं लेकरू खोकत असतं. त्रिशरण-पंचशील धुराशिवायही होतं. फुलं ठेवा, अगरबत्ती लावायचीच तर बाहेर लावा. विहारातही पौर्णिमेला एवढं पाळता येईल. गॅसची टाकी भरायला पैसे नसतात हे मला माहीत आहे. पण बिडी ओट्यावर जाऊन ओढायला पैसे लागत नाहीत.

सगळा खोकला दमा नसतो, हेही ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला-ताप, वजन उतरतंय, तर आधी टीबीची तपासणी. आणि लेकरू पाणी पीत नाही, बोलता-रडता येत नाही, ओठ निळे, गुंगी, तर साल्ब्युटामॉल स्पेसरमधून देत देत १०८ बोलवा. किती दाब द्यायचे ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला चिकटवा.

सरकारचं काय? फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येते, रोजच्या पंपाला नाही. दोन्ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जे ३० आजार तपासायचे, त्यात श्वासनळ्या आवळण्याचा हा आजार आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मजुरी सोडून एका बाईनं तरी तिथं उभं राहावं आणि सांगावं, “याला रात्री घरघर होते, लिहून घ्या, गोकुंद्याला नाहीतर नांदेडला विष्णुपुरीला पाठवा.” ग्रामसभेत अर्ज द्यायचा तर एवढाच: इस्लापूरच्या सरकारी दवाखान्यात दोन्ही पंप आणि मास्कचा स्पेसर बारा महिने मिळावेत, आणि ते कसे द्यायचे हे आशाताईंना शिकवावं. अर्जावर अंगठे चालतात, पोच मात्र घ्यायला विसरू नका.