गाळ नव्हे, गुप्तधनही नव्हे

कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच या गावी दरवर्षी एका तरुण फुटबॉलपटूला समारंभपूर्वक करंडक देतात. करंडकावरच्या पुतळ्याच्या हातून चेंडू निसटताना दाखवला आहे. कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या 'हाइसमन'ची टिंगल म्हणून याचे नाव 'लोस्मन'. तो मिळतो एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, अगदी शेवटी निवडल्या गेलेल्या खेळाडूला. पॉल सलाटा या माजी खेळाडूने १९७६ मध्ये ही गमतीची प्रथा पाडली आणि त्या शेवटच्या गड्याला 'मिस्टर इर्रिलेव्हंट' ही उपाधी दिली. थट्टा प्रेमळ आहे, पण तिच्यामागचा समज पक्का आहे: पहिल्या फेरीत हिरे, मधल्या फेऱ्यांत खडे आणि शेवटी गाळ. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे की इथे पैशांची बोली नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आधी निवड. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीत निवडीचा हक्क हीच मालमत्ता असते. ती विकता येते, बदलता येते, पुढच्या वर्षांची आजच गहाणही टाकता येते. चौथी ते सातवी फेरी तिसऱ्या दिवशी उरकतात. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत विचार करायला दहा मिनिटे मिळाली, सातव्या फेरीत चार.

गाळाचा सिद्धांत मांडणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. सातव्या फेरीतल्या बहुतेकांना सराव शिबिर संपता संपता निरोप मिळतो. पहिल्या दहांत निवडलेला खेळाडू संघात टिकण्याची आणि नाव काढण्याची शक्यता शेवटच्या दहांपेक्षा कितीतरी अधिक असते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्याकडे निवडीच्या हक्कांचा एक दरतक्ता होता. तो पुढे सगळ्या लीगने कमीअधिक फरकाने उचलला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, सोळाव्याला १,०००, आणि घसरत घसरत शेवटच्या क्रमांकांना एकअंकी गुण. सौद्याच्या गडबडीत हे शेवटचे हक्क सुट्या पैशांसारखे इकडून तिकडे फिरतात. घासाघीस अडली की कुणीतरी म्हणतो, वर एक सहाव्या फेरीतला घे, आणि व्यवहार मिटतो.

पण वरचा खेळाडू सरासरीने बरा निघतो, एवढ्यावरून तो मागितलेल्या किमतीला परवडतो असे सिद्ध होत नाही. गाळवाद्यांची गफलत इथेच होते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (पुढे २०१७ चे नोबेल मिळवणारे) आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टमधल्या वर्षानुवर्षांच्या सौद्यांचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना निम्म्याहून जेमतेम थोडी अधिक आढळली. थोडक्यात, छापा-काटा. तरीही त्या एका पायरीसाठी संघ दोन-तीन हक्क ओवाळून टाकतात. पगार आणि कामगिरी यांचा ताळा मांडल्यावर त्यांना सर्वाधिक फायदा पहिल्या क्रमांकावर नव्हे, तर दुसऱ्या फेरीच्या आसपास दिसला. दुसऱ्या, सातव्या नव्हे. हा फरक झाकून ठेवणे बरे नाही. शिवाय तो अभ्यास जुन्या पगारपद्धतीतला. २०१० मध्ये पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार करून गेला. २०११ च्या नव्या कामगार करारानंतर त्याच जागी आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. म्हणजे वरचा खेळाडू आता तुलनेने स्वस्त झाला आणि युक्तिवादाची एक बाजू बोथट झाली. दुसरी मात्र तशीच धारदार आहे: पगार कमी झाला म्हणून स्काउटांची दूरदृष्टी वाढलेली नाही.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा एकाच संघाच्या दप्तरात सापडतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी २०२१ मध्ये बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उडी मारली. त्यासाठी मायामीला बारावा क्रमांक दिला, २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे हक्क दिले, आणि वर तिसऱ्या फेरीतला एक. मिळाला ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला डॅलसला धाडले तेव्हा बदल्यात चौथ्या फेरीतला एक हक्क हाती आला. मधल्या काळात, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, याच संघाने २६२ व्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला होता. त्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरात त्याच्या जागी खेळणाऱ्या जिमी गॅरोपोलोचा पाय गेला, आणि लोस्मनचा मानकरी मैदानात उतरला. पुढच्या हंगामात त्याने ४,२८० यार्डांची फेक करून क्लबचा विक्रम मोडला आणि संघाला सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात नेले. तिथे कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत हार झाली, हेही नोंदवायला हवे. याहून जुना दाखला माइक डिट्का यांचा. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या या प्रशिक्षकाने रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी त्या वर्षीचे आपले सगळे हक्क आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या व तिसऱ्या फेरीतला हक्क वॉशिंग्टनला देऊन टाकला. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. पण संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला आणि डिट्कांची नोकरी गेली.

एवढे वाचून दुसरा पक्ष खुशीत येईल, आणि माझे खरे भांडण त्याच्याशीच आहे. हा पक्ष गुप्तधनवाद्यांचा. त्यांच्या मते शेवटच्या फेऱ्यांत रत्ने दडलेली असतात आणि ती ओळखणारा पारखी संघात असला की झाले. पुरावा म्हणून टॉम ब्रेडीचे नाव पुढे येते: २००० चा ड्राफ्ट, सहावी फेरी, क्रमांक १९९, आणि पुढे सात सुपर बोल. कथा खरी आहे, तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. न्यू इंग्लंडला ब्रेडीची पारख झाली होती, तर त्यांनी त्याच्याआधी सहा वेगळे खेळाडू का घेतले? बाकीच्या संघांनी त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले, त्यांपैकी कोणत्याही वेळी तो हातचा गेला असता. आपल्या हाती कोण आहे हे ठाऊक असलेला माणूस इतका जुगार खेळत नाही. पर्डीचेही तेच. त्याला घेण्याआधी फोर्टीनाइनर्सनी त्याच ड्राफ्टमध्ये आठ नावे पुकारली होती. संघांनी ही माणसे ओळखली नाहीत. त्यांनी ती टाकूनही दिली नाहीत, एवढेच त्यांचे श्रेय. आणि ते श्रेय लहान नाही. २००० मध्ये न्यू इंग्लंडने चार-चार क्वार्टरबॅक संघात ठेवले, जे करायला सहसा कुणी धजत नाही, कारण संघात जागा ५३ च. २००१ च्या सप्टेंबरात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला तेव्हा तो चौथा मुलगा सरावात तयार होता. उलट उदाहरण जॉनी युनायटसचे: १९५५ मध्ये पिट्सबर्गने त्याला नवव्या फेरीत घेतले आणि एकही सामना न खेळवता हाकलले. बाल्टिमोरने त्याला उचलले आणि तो त्या काळचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक झाला. ड्राफ्टच्या टेबलावर पिट्सबर्गचे काहीच चुकले नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे असे. शेवटच्या फेऱ्यांची किंमत पारखीच्या डोळ्यांत नाही. ती हक्कांच्या संख्येत आहे, ते हक्क घेऊन करायच्या सौद्यांत आहे आणि निवडलेल्याला दिलेल्या अवधीत आहे. पुढचे कुणालाच नीट दिसत नसेल, तर शहाण्याने एका नावावर सर्वस्व लावू नये, प्रयत्न वाढवावेत. सिअॅटल सीहॉक्सने २०१० मध्ये कॅम चॅन्सेलरला पाचव्या फेरीत घेतले, २०११ मध्ये रिचर्ड शर्मनला पाचव्याच फेरीत आणि माल्कम स्मिथला सातव्या फेरीत, २४२ व्या क्रमांकावर. २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ४३–८ असे लोळवणाऱ्या बचावफळीत हे तिघेही होते, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू स्मिथ ठरला. प्रयत्न वाढवायचा एक कायदेशीर मार्ग लीगनेच दिला आहे: करार संपून गेलेले खेळाडू नव्याने घेतलेल्यांपेक्षा जास्त किंवा मोठे असतील, तर त्या संघाला तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या अखेरीस भरपाईचे हक्क मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. बाल्टिमोरच्या संघाचे व्यवस्थापक ओझी न्यूसम यांनी हे गणित वर्षानुवर्षे शांतपणे वापरले. ब्रेडीचा १९९ वा क्रमांक भरपाईचाच होता, आणि डॅलसने २०१६ मध्ये डॅक प्रेस्कॉटला घेतले तो १३५ वाही. २०१७ पासून हे हक्क विकताही येतात. आणि विकण्यातही मोल आहे. २००७ मध्ये न्यू इंग्लंडने ओकलंडला चौथ्या फेरीतला एक हक्क दिला आणि रँडी मॉस आणला. त्या हंगामात मॉसने २३ टचडाउन झेल घेतले, तो आजही विक्रम आहे. तिसऱ्या दिवशीचे हक्क म्हणजे नुसती अनोळखी पोरे नव्हेत. दुसऱ्याला नकोसा झालेला तयार खेळाडू घ्यायचे ते चलन आहे.

आक्षेप येतील, आणि पहिलाच भक्कम आहे: क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने २७ व्यावरून दहाव्यावर येण्यासाठी तिसऱ्या फेरीतला हक्क आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी बफेलोला दिली. तो किती यशस्वी झाला ते जग जाणते. मान्य. क्वार्टरबॅक ही एकच जागा अशी आहे की तिच्यासाठी वर चढण्याचा मोह समजू शकतो. पण त्याच जागेसाठी फोर्टीनाइनर्सनीही उडी मारली होती, आणि उडी मारताना दोघांचाही आत्मविश्वास सारखाच होता. शिवाय माहोम्सचा पगार वाढल्यावर त्याच्याभोवतीचा संघ स्वस्तात उभा करावा लागला, तो कशातून? ट्रे स्मिथ सहाव्या फेरीतून, आयझाया पाचेको आणि जेलन वॉटसन सातव्या फेरीतून. दुसरा आक्षेप लॉस एंजेलिस रॅम्सचा. २०१७ ते २०२३ त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, हक्क उधळून नामांकित खेळाडू आणले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. मग हक्कांचे कौतुक कशाला? पण रॅम्सनी उधळले ते प्रामुख्याने वरचे हक्क. त्या सामन्याचा मानकरी कूपर कप तिसऱ्या फेरीतला होता, आणि २०२३ मध्ये पाचव्या फेरीत घेतलेल्या पुका नाकुआने १०५ झेल घेऊन नवोदितांचा विक्रम केला. हा दाखला उलट माझ्याच बाजूने साक्ष देतो. तिसरा आक्षेप जागेचा: ५३ जणांत डझनभर नवखे कुठे बसवणार? यात तथ्य आहे, म्हणून हक्क साठवत राहणे हे काही धोरण नव्हे. पण जागा नसेल तर हक्क पुढच्या वर्षीच्या वरच्या हक्कासाठी विकावा. आजचा मोह आवरत नाही म्हणून दुसरे संघ पुढच्या वर्षीचे हक्क आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्तात देतात, हेही थेलर-मॅसींनी दाखवलेच आहे.

एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही. शेवटच्या फेरीतला खेळाडू क्लबला परवडतो तो मुख्यतः त्याला बांधून ठेवल्यामुळे. सातव्या फेरीत निवडलेल्याला चार वर्षांचा करार करावा लागतो आणि पहिले तीन हंगाम त्यात फेरफार करता येत नाही. ज्याला कुणीच निवडले नाही, तो आवडीचा संघ पाहून तीन वर्षांचा करार करतो आणि दोन हंगामांनंतर वाटाघाटीला बसू शकतो. म्हणजे २६२ वा निवडला जाण्यापेक्षा न निवडला जाणे या बाबतीत सोयीचे! पर्डीने संघाला अंतिम सामन्यात नेले त्या हंगामात त्याचे मूळ वेतन दहा लाख डॉलरच्याही आत होते. २०२५ च्या मे महिन्यात, कुलूप उघडल्यावर, त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला. खालच्या फेऱ्यांतल्यांना कामगिरीवर चौथ्या वर्षी वाढ मिळते खरी, पण जखमांच्या या खेळात चौथे वर्ष पाहणारे थोडे. क्लबांनी शेवटचे हक्क जपावेत असे मी वर म्हटले, ते त्यांच्या फायद्याचे होते. खेळाडूंच्या संघटनेने त्यांच्या फायद्याची मागणी करावी: चौथ्या फेरीपासून खाली निवडलेल्यांना, न निवडलेल्यांप्रमाणेच, दोन हंगामांनंतर कराराची फेरबोलणी करता यावी. सध्याचा कामगार करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतरच्या मसुद्यात हे कलम घालायला अजून पुरेसा वेळ आहे.