संध्याकाळी सातनंतरचे विद्यापीठ

दिवाळीची सुट्टी आटोपून विद्यापीठाचे दुसरे सत्र सुरू झाले की बडोद्याचा सयाजीगंजाकडील भाग एकाएकी तरुण होतो. हल्ली त्यास सेमिस्टर म्हणतात, पण थंडी तीच आणि उत्साहही तोच. चहाच्या टपऱ्यांभोवती घोळके जमतात, नाटकाच्या तालमी रंगतात, क्रीडास्पर्धांचे तंबू उभे राहतात आणि मध्येच उत्तरायण आले की दोन दिवस सारे विद्यापीठ गच्चीवर जाते. वर्षभर ज्याला आपण शिक्षण म्हणतो त्यातील पुष्कळसा भाग विस्मरणात जातो. या दोन-तीन महिन्यांत जडलेली मैत्री, उभे केलेले नेपथ्य, गमावलेली ढाल मात्र माणूस म्हातारपणीही सांगत बसतो. म्हणूनच हा काळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात येतो काय, हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही.

कोणत्याही स्नेहसंमेलनाची पत्रिका हाती घ्या. वेळ सहाची. दीपप्रज्वलन साडेसहाला, प्रमुख पाहुण्यांचे भाषण सातपर्यंत (पाहुणे दयाळू असतील तर), आणि नाटकाचा पडदा वर जाईतो आठ वाजतात. आता या आठच्या ठोक्याला सभागृहात कोण बसलेले असते? ज्यांची घरे शहरात आहेत ते, आणि वसतिगृहातील मुले. भरूच, आणंद, गोध्रा या बाजूंनी रोज रेल्वेने येणारी, पादरा-सावलीहून एस. टी.ने येणारी मुले तोवर गाडीत उभी असतात. या येण्याजाण्याला गुजरातेत ‘अपडाऊन’ म्हणतात. आपणही तो शब्द केव्हाच घरात घेतला आहे. या मुलांना कोणी ‘येऊ नका’ असे सांगितलेले नसते. त्यांना गाडी सांगते. मुलींची अडचण आणखी निराळी: शहरातील मुलीला घरून विचारणा होते, वसतिगृहातील मुलीला फाटकाची वेळ असते, आणि गावाहून येणाऱ्या मुलीला या दोन्हींच्या जोडीला स्टँडपासून घरापर्यंतचा अंधार असतो. मग वर्षअखेर समितीच्या अहवालात लिहिले जाते की विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक होता.

वगळण्याचे काम मोठ्याने केले जाते असे आपण समजतो. या शहराचा अनुभव वेगळा आहे. सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, याचा आपण बडोदेकर सार्थ अभिमान बाळगतो. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण जरा भरभर सांगतो. 1917 साली करारानुसार ते संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास आले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी सराईत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. आपल्याकडे आसरा मिळेल काय, असे त्यांनी दोन स्नेह्यांना विचारले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने सभ्य नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास परदेशात शिकून आलेल्या त्या पंडिताने कमाटी बागेत काढले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. विद्यापीठाच्या कला शाखेच्या घुमटापासून ती बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आम्हांला या हकीकतीत काठ्यांपेक्षाही ते दोन सभ्य नकार अधिक बोचतात. महाराजांचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत चालला. त्यापुढे सराई होती, शेजार होता, स्नेह्याच्या घरातील माणसे होती, आणि तेथे कोणाचाच हुकूम चालला नाही. आज कायद्याने पुष्कळ दारे उघडली आहेत. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. 2016 च्या कायद्याने अपंग विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा ठेवणे भाग आहे. प्रवेश मिळतो. पण चाकाच्या खुर्चीवरील मुलाला पायऱ्यांवरून चौघांनी उचलून व्यासपीठावर न्यावे लागते आणि वर टाळ्यांचा कडकडाट होतो, तेव्हा त्या टाळ्या नेमक्या कशासाठी, हे आम्हांला कळेनासे होते. एक उतार बांधला असता तर तो आपला आपण गेला असता.

1949 साली या विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता आल्या. मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाचे विद्यापीठ स्त्रीच्या हाती सोपविण्याचा देशातील तो पहिलाच प्रसंग. त्याच्या आधीच्याच वर्षी जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम घडत असताना, ‘पुरुष’ असाही अर्थ निघणाऱ्या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘मानव’ हा अर्थ स्पष्ट करणारे शब्द यावेत, असा आग्रह धरणाऱ्या बाई त्याच. एका शब्दाने कोण आत येतो आणि कोण बाहेर राहतो हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शब्दांचा हा प्रश्न आपल्या विद्यापीठात आणखी एका रूपाने उभा आहे. येथील अध्यापन इंग्रजीतून चालते. त्यात लाभ आहे, आणि देशोदेशीचे विद्यार्थी येथे येतात ते पुष्कळसे त्यामुळेच. पण बारावीपर्यंत गुजराती शाळेत शिकलेला हुशार मुलगा पहिले वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही, हेही तितकेच खरे. निदान वर्गाबाहेर तरी त्याला जीभ मिळावी! तेथेही वक्तृत्वस्पर्धा इंग्रजीत, सूत्रसंचालन इंग्रजीत, आणि विनोदसुद्धा इंग्रजीत. दोन भाषांत सुखाने संसार करण्याची बडोद्याच्या मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. घरी एक, बाजारात दुसरी, यात आपले काही अडत नाही. मग एकाच व्यासपीठावर तीन-चार भाषांनी आलटून पालटून बोलण्यात विद्यापीठाचे काय अडावे?

चांगले उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ललित कला शाखेचा मेळा 1961 साली सुरू झाला. इंदूरहून आलेले आपले ना. श्री. बेंद्रे तेव्हा त्या शाखेत होते, शंखो चौधुरी होते, के. जी. सुब्रमण्यन होते. सुब्रमण्यन यांनी मेळ्यासाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी केली, ती आज कलेच्या इतिहासात गणली जातात. पण आमच्या दृष्टीने त्या मेळ्याचे मर्म वेगळेच आहे. तेथे प्रेक्षक म्हणून आधी कोणी नव्हताच. कोणी माती कालवीत होता, कोणी बांबू बांधीत होता, कोणी रंग घोटीत होता; प्राध्यापकाच्या हाताला जेवढा चिकटा, तेवढाच विद्यार्थ्याच्या. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला करवत येत होती. आणि हे सारे दिवसाउजेडी चालणारे काम. शहरातील माणसे पोराबाळांना घेऊन आली ती शेवटी, विकत घ्यायला. जेथे हातांना काम आहे तेथे ‘सहभाग वाढवा’ असे परिपत्रक काढावे लागत नाही.

विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय नसली म्हणजे काय होते, हे गुजरातने एका हिवाळ्यातच पाहिले आहे. 1973 च्या डिसेंबरात अहमदाबादेतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसच्या दरात वीस टक्के वाढ झाली. त्यावरून पेटलेल्या नवनिर्माण आंदोलनाने फेब्रुवारी 1974 मध्ये राज्याचे मंत्रिमंडळ खाली आणले. महागाई होतीच, असंतोष होताच. पण ठिणगी पडली ती जेवणाच्या ताटात. अलीकडे 2023 च्या कायद्याने गुजरातमधील सरकारी विद्यापीठांच्या सिनेट-सिंडिकेट जाऊन त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळे आली. जुन्या सिनेटांत गोंगाट फार आणि काम थोडे, ही तक्रार आम्हीही पूर्वी ऐकत होतो आणि ती निराधार नव्हती. निवडणुकीचा धुडगूसही कोणास नको होता; लिंगडोह समितीने 2006 साली उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा सुचविली ती उगीच नव्हे. परंतु गोंगाट बंद केला म्हणजे गाऱ्हाणे मिटले असे नाही. ते मेसमध्ये आणि फलाटावर जाऊन बसते.

आमची मागणी फार लहान आहे. ज्या समितीत कार्यक्रमाच्या वेळा ठरतात तीत रोज गाडीने येणारी एक मुलगी आणि एक मुलगा असलाच पाहिजे. तोही पाहुण्यांना हार घालण्यापुरता नव्हे, वेळापत्रकावर सही करण्यासाठी. संमेलनाचा मुख्य कार्यक्रम दुपारी अकरा ते चारमध्ये होऊ शकतो. शाळांची संमेलने होतातच. दुपारी दिव्यांची शोभा येत नाही असे म्हणणाऱ्यांनी गोध्र्याच्या गाडीत एकदा संध्याकाळी उभे राहून यावे.

आणि विद्यापीठाला एवढे सांगितल्यावर आपल्या गल्लीकडेही पाहावेच लागेल. परगावची, परप्रांताची, परदेशाची कितीतरी मुले वसतिगृहात जागा न मिळाल्याने खोल्या शोधीत हिंडतात. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आणि पलीकडच्या नव्या सोसायट्यांतूनही, माडीवरची खोली रिकामी असलेली मराठी घरे थोडीथोडकी नाहीत. तेथे भाडे किती हे सांगण्याच्या आधी आडनाव विचारले जाते, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, आणि मग घरातील वडीलधाऱ्यांची तब्येत एकाएकी नाजूक होते. अत्यंत सभ्यपणाने. दुसरे सत्र नुकतेच सुरू झाले आहे आणि मुले अजून खोल्या पाहात आहेत.