गुळवेल, यकृत आणि परंपरेच्या नावाने चालणारा व्यापार

वनौषधींमुळे यकृताला इजा होऊ शकते, असे कोणी म्हटले की त्याला ताबडतोब परदेशी औषध कंपन्यांचा हस्तक ठरवले जाते. आयुर्वेदाचा अपमान झाल्याची ओरड होते आणि त्या ओरडीत मूळ प्रश्न बुडून जातो. वास्तविक हा वाद आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असा नाहीच. बाजारात विकले जाणारे औषध निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, विकणाऱ्याची की ते घेणाऱ्याची, हा खरा प्रश्न आहे.

बंगळूरच्या एचएसआर लेआउटचे उदाहरण घ्यावे. होसूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या परिसरात, आगरा तलावालगत वसलेली ही वसाहत नवनव्या कंपन्यांची पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. येथे गुळवेलीचा रस मागवण्यासाठी वैद्याची गाठ घ्यावी लागत नाही. मोबाईलवर मागणी नोंदवली की बाटली दारात येते. जुना वैद्य नाडी पाहत असे, मात्रा आणि काळ ठरवत असे, पथ्य सांगत असे. बाटली यांपैकी काहीच करत नाही. म्हणजे ज्या परंपरेची ढाल पुढे केली जाते, ती परंपरा या व्यवहारात मुळी उरलेलीच नाही.

परिणाम काय झाले? कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेल घेतली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृतदाहाने आजारी आढळले. त्यांपैकी एक दगावला. २०२२ साली देशातील १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेकांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे दिसली.

यावर आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्येच मुंबईचा अभ्यास दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे पृथक्करण झाले नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच जात वापरली गेली असावी, असा मंत्रालयाचा युक्तिवाद. तो क्षणभर मान्य करू. दोन वेलींमध्ये इतकी सहज गफलत होत असेल, तर बाजारातील प्रत्येक भुकटी आणि प्रत्येक रस तपासणे हे कोणाचे काम? मंत्रालयाचा हा बचाव म्हणजे नियंत्रणाच्या मागणीचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

“लाखो लोक घेतात, त्यांना काही होत नाही,” असाही युक्तिवाद केला जातो. क्षयावरील आधुनिक औषधेही यकृताला इजा करू शकतात. पण तो धोका नोंदलेला असतो, म्हणूनच डॉक्टर लक्षणांवर नजर ठेवतात आणि गरज पडताच रक्त तपासतात. जेथे नोंदच होत नाही, तेथे धोका नाही असे म्हणणे ही निव्वळ फसवणूक होय. उलट अ आणि ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि तिचे श्रेय मात्र काढ्याला मिळते.

सरकारची दिशा मात्र उलटी आहे. ग्रंथोक्त औषधाला परवाना देताना सुरक्षिततेच्या नव्या चाचणीची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी बंधनकारक करणारा नियम १७० हा २०१८ साली आला; केंद्राने तो जुलै २०२४ मध्ये वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली, परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघाले आणि स्थगितीही उठली. चीनला आपल्या पारंपरिक वैद्यकाचा अभिमान काही कमी नाही. तरीही ‘हो-शाऊ-वू’ या प्रसिद्ध मुळीपासून यकृताला असलेल्या धोक्याचा इशारा तेथील औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. अभिमान आणि तपासणी एकत्र नांदू शकतात.

आपल्याकडे इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद केले जाते. यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स यांनी लिव्ह-५२ वर टीका केली. तेव्हा हिमालया कंपनीने बंगळूरच्या दिवाणी न्यायालयातून सप्टेंबर २०२३ मध्ये एकतर्फी मनाई मिळवली आणि त्यांचे समाजमाध्यमावरील खाते बंद पडले. ऑक्टोबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वादग्रस्त मजकूर झाकण्याच्या अटीवर ते खुले केले. ज्या प्रश्नाचा निर्णय प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात व्हायचा, तो असा पैशाच्या बळावर कोर्टकचेरीत ओढला जातो.

या साऱ्याची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो कष्टकरी. एचएसआर लेआउटमधील फ्लॅटधारकाला कावीळ झाली तर तो त्याच दिवशी रक्त तपासून घेईल. त्याच्या दारात बाटली पोचवणारा तरुण मात्र रोज बुडेल म्हणून दवाखाना टाळतो, स्वस्तातली पुडी घेतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत दुचाकी चालवत राहतो. त्याचे यकृत कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक वनौषधीची विक्रीपूर्व सुरक्षा चाचणी, वेष्टनावर यकृताच्या धोक्याची मराठी, कन्नड अशा स्थानिक भाषांत सूचना, दुष्परिणामांची सक्तीची नोंद आणि जाहिरातींना पूर्वमंजुरी. वनस्पतींचे ज्ञान जनतेने पिढ्यान्‌पिढ्या जमवले आहे. ते तपासून घेण्याचा हक्कही जनतेचाच आहे.